सोबत कुणीतरी आणा

नाही हो, काही विशेष नाही, मी आपली कॅल्शियमच्या गोळ्या लिहून घ्यायला आलेय — या वयात गुडघे कुरकुर करतात ना, तेच. तुम्ही फोनवर मराठीत बोलत होतात म्हणून इथं येऊन बसले, नाहीतर या हिंदी मुलखात, त्यातून नानाखेड्याच्या बाजूला, आपलं मराठी कोण भेटतं. आम्ही देवास गेटकडे राहतो. आमचे हे बँकेत होते, आता रिटायर; मी शाळेत संस्कृत शिकवायचे. तुमची सून आत आहे? पहिलंच? छान, छान, होईल सगळं नीट. — बिस्किट? नको, नको. सकाळपासून काही खाल्लं नाही. उपाशी यायला सांगितलं होतं.

आता कॅल्शियमला उपाशी कोण बोलावतं, असंच बघताय ना माझ्याकडे. खरं आहे. सांगते — तुम्ही काय, उद्या कुठे भेटणार आहात मला. माझी पाळी गेली ती सौरभच्या लग्नाच्या वर्षी. सौरभ माझा मुलगा, पुण्याला असतो. सुटले म्हटलं एकदाची. सणावाराला गोळ्या घेऊन तारीख पुढं ढकलायची कटकट संपली. मध्ये घाम यायचा, झोप उडायची, उगाच चिडचिड, पण तेही निवळलं. रोज चालायला जायचे, तबियत एकदम मस्त. आणि एक दिवस आंघोळीला गेले तर डाग. थोडासाच. खरं सांगू, क्षणभर बरंच वाटलं — वेडेपणा बघा — वाटलं, वय मागं फिरलं की काय. सुलूला, म्हणजे माझ्या नणंदेला, फोन केला. ती म्हणाली, उष्णता झालीय, गुलकंद खा. खाल्ला. थांबलं. झालं की बरं, असं मीच मला सांगितलं. मग परत आलं.

कधीपासून? असेल महिनाभर. डॉक्टरीणबाईंनाही तेच सांगितलं... नाही. महिना नाही, ताई. शिवरात्रीला सुरू झालं. आता दिवाळी येतेय.

घरात कळलं कसं नाही? कळलं की. मी चादर धुताना यांनी बघितलं, पण यांना वाटलं मूळव्याध. मी तसंच समजू दिलं. काय बोलणार — इतक्या वर्षांच्या संसारात या गोष्टीला आम्ही ‘अडचण’ सोडून दुसरं नाव दिलं नाही. तर हे रोज संध्याकाळी कोमट पाण्यात इसबगोल ढवळून आणणार, आणि मी संपवेपर्यंत समोर उभे राहणार. मी प्यायचे. पीतच राहिले.

आमच्या गल्लीत अलकावहिनी होत्या. त्यांचं असंच सुरू झालं होतं म्हणतात. म्हणतात हं — नक्की कुणी सांगितलं नाही, त्या गेल्यावरसुद्धा ‘पोटाचं होतं’ एवढंच. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच — मी गेले तर या माणसाला घरात जिरं कुठं आहे ते माहीत नाही. म्हणून यांना शिकवायला घेतलं. आधी वरण, मग खिचडी, मग कढी. म्हटलं, रिटायर झालात, जरा हात लावा. यांना इतकी मजा वाटली, काय सांगू — कढी फुटली नाही म्हणून सौरभला व्हिडिओ कॉल करून पातेलं दाखवलं. तो हसतोय, हे हसताहेत. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मागच्या आठवड्यात शेवटी आले इथं, एकटीच. सोनोग्राफी झाली. या डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या, मृणालच्या वयाच्या. म्हणाल्या, “आंटी, अंदर की परत मोटी दिख रही है, छोटा-सा टुकड़ा लेकर जाँच को भेजेंगे.” पिशवीचं आतलं अस्तर जाड झालंय म्हणे. मी विचारलं, “कैंसर है क्या?” हिंदीत विचारलं म्हणून विचारता तरी आलं, मराठीत धीर झाला नसता. म्हणाल्या, “ज़्यादातर कुछ नहीं निकलता. पर देखे बिना मैं कैसे कह दूँ? और महीना भर रुकीं क्यों?” महिन्यालाच रागावल्या त्या. मग पुढचं कसं सांगू? — हो, बरोबर आहे तुमचं. आत गेले की सांगते. सांगायलाच हवं.

तर टुकड्यासाठी आज बोलावलं, आणि म्हणाल्या, सोबत कुणीतरी आणा, थोडं बेहोश करतात ना. मी एकटीच आले. सिस्टरला म्हटलं, घरचे सगळे बाहेरगावी गेलेत. ती म्हणाली, मग आज नाही होणार. उठले, जिन्यापर्यंत गेलेसुद्धा — आणि इतकं हलकं वाटलं, ताई, सुटल्यासारखं. त्याचीच भीती वाटली मला. अशीच तर सुटत आले मी शिवरात्रीपासून. मग तिथूनच यांना फोन लावला. म्हटलं, नानाखेड्याला या, बस स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर दवाखाना आहे. “का गं?” म्हणाले. म्हटलं, या तर आधी. मग एवढंच म्हणाले, “निघालो.”

आणि तपासणीत तेच निघालं तर? नाही — तुम्ही नका काही बोलू. ज़्यादातर कुछ नहीं निकलता, माहितेय मला, पाठ झालंय. रात्रंदिवस तेवढंच म्हणते. पण ज़्यादातरमध्ये, त्या बहुतेकांमध्ये, मी असेनच, हे कोण सांगणार? नको, ती बाटली राहू द्या. पाणीही प्यायचं नाहीये.

थांबा. जिन्यात पावलं वाजताहेत. हेच — मध्ये थांबून दम घेतात, तसंच. बघा, शर्टाची बटणं वरखाली लावून आलेत. ताई, तुम्ही जरा त्या पलीकडच्या बाकावर बसाल का? वाईट नका वाटून घेऊ. तुम्हाला सांगणं सोपं होतं. यांना सांगताना कुणी ऐकायला नको. बसा, बसा तिकडं. —

या. इथं, माझ्याजवळ. आधी दम खा. अहो, मला —