राणीचे दोन डबे

दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी मी मनूचा पासपोर्ट काढायला डबा उघडला, तर आत खजूर!

इंग्लंडच्या राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली ना, तेव्हा यांच्या गोऱ्या साहेबाच्या मॅडमनी ड्रायव्हर लोकांना बिस्किटांचे डबे वाटले होते. झाकणावर राणीचा फोटो. आम्हाला दोन मिळाले. बिस्किटं संपल्यावर एकात मी पोरीचा पासपोर्ट ठेवला, दुसऱ्यात सासूबाईंसाठी खजूर भरला. तो डबा रत्नागिरीला निघालेल्या सावंतभाऊंबरोबर पाठवायचा होता. सकाळी हेच त्यांच्याकडे देऊन आले.

आखातातल्या आमच्या अरादच्या घरून विमानतळ येईपर्यंत मी यांना बोलतच होते. "डोळे कुठे होते तुमचे? पोरीचा पासपोर्ट गावाला गेला तर व्हिसाचं काय करायचं?" मनू मांडीवर रडत होती. हे गाडी चालवत होते.

सावंतभाऊ रांगेतच सापडले. त्यांनी बॅगेतून डबा काढला. पांढऱ्या कापडात घट्ट शिवलेला, दुहेरी दोरा, बारीक टाके.

तेव्हा कुठे यांनी तोंड उघडलं. "टाके कुणाचे गं?"

माझेच. काल मीच बसून शिवला होता. मी दातांनी दोरा तोडला. पासपोर्ट आत होता, देवाची कृपा.

"आणि खजूर, वहिनी?" सावंतभाऊंनी विचारलं.

खजूर घरीच राहिला होता!

तुमच्या ओळखीत कुणा बाईकडे हे डबे असतील तर तिला एवढं सांगा, शिवायच्या आधी झाकण उघडून बघ, आणि नवऱ्याला बोलायच्या आधी टाके बघ.