एक डोळा उघडा

हॅलो?… हो, मीच. दुसरीच्या पोरांना पुस्तक वाचून दाखवते ती दहावीतली ताई… कोण? आपल्या खारूताईची आई? अहो काकू, बोला ना… अं? डोळा?

थांबा, मला काही कळेना. तळहाताने एक डोळा झाकून बसते… घरीपण?… जेवतानाही? काकू, वर्गातही तेच चाललंय. मला वाटलं, रांजणवाडी झाली असेल… डॉक्टरांकडे नेलंत? डोळे ठणठणीत? मग?

…मी? मी काय शिकवलं? अहो, मी फक्त डॉल्फिनचं पुस्तक वाचलं… नाही हो, गोष्टीचं नाही, माहितीचंच. मोठ्ठाले फोटो आहेत. समुद्रातले सस्तन प्राणी, म्हणजे देवमासा, सील… हो, तसं होतं त्यात. डॉल्फिन अर्ध्या मेंदूने झोपतो, एक डोळा उघडा ठेवून. मग आम्ही सगळ्यांनीच एकेक डोळा झाकून पाहिला. धमाल आली. गणिताच्या बाई तेवढ्या वैतागल्या, त्यांच्या तासाला अर्धा वर्ग… हो, हो, ऐकतेय.

…रात्री उठून धाकट्या बाळाच्या पाळण्याशी जाऊन बसते?

पण काकू, डॉल्फिनचा आणि पाळण्याचा काय संबंध?… नाही, हसत नाहीये. माझंच डोकं चक्रावलंय… नको ना, मोठ्या बाईंकडे नका जाऊ. आत्ता कुठे मला वर्ग मिळालाय. पुस्तकं बंद करतील त्या… तिलाच द्या ना जरा फोन.

खारूताई? मी, पुस्तकवाली ताई. काय गं, बाळावर पहारा?… हो, डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो. झोपेतसुद्धा त्याला ते लक्षात ठेवावं लागतं… हो, मीच म्हणाले, डॉल्फिन अगदी आपल्यासारखा. हवेत श्वास घेतो, त्याचं पिल्लू आईचं दूध पितं…

अगं.

म्हणजे, बाळ झोपेत श्वास घ्यायला विसरेल म्हणून?… आणि आई दोन्ही डोळे मिटून झोपते म्हणून?

अगं ऐक ना. मी अर्धंच सांगितलं. माणसाचा श्वास आपोआप चालतो… पुस्तकात? थांब, बघते… नाही गं, ह्या पानावर माणसाचं काहीच नाही. पण खरंच. आत्ता फोन घेतलास, तेव्हा श्वासाची आठवण ठेवली होतीस का?… तरी घेतलास ना?… आता जड वाटतोय? हं, आता मलाही. त्याचा विचार सोड, होईल नीट. बाळाच्या नाकाखाली बोट धर… हळू… लागतंय ना गरम गरम? बघ, इतका वेळ तू माझ्याशी बोलत होतीस. त्याच्याकडे कोण बघत होतं?

…कोणीच नाही. तरी चालू होता.

उद्या त्या पानावर चिठ्ठी चिकटवू, 'माणसाचं असं नसतं.' तूच लिही, मोठ्या अक्षरांत… काढ की, बाळाचं चित्रही काढ… मग सगळ्या वर्गाला तूच वाचून… खारूताई? हॅलो?

…काकू, तुम्ही? कुठे गेली?… पाळण्याला डोकं टेकून? नीट बघा हं. एक मिटलाय की…

दोन्ही. बरं… उठवू नका. ठेवते.