कानाने लावलेल्या जोड्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक व पाहुणे, प्रयोगशाळेतील सहकारी आणि विद्यार्थी, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि आजचे सत्कारमूर्ती, आमचे मिस्तरी,

सकाळीच मिस्तरी मला म्हणाले, "बाई, लवकर आटपा, खुर्च्या परत द्यायच्यात." प्रयत्न करते.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मिस्तरींच्या हातून छोटे रोबो बनतात. डब्याचं झाकण हे अंग, बरणीची झाकणं ही चाकं, आणि खेळण्यातल्या गाडीच्या दोन मोटरी. वर एक तापमान मोजणारा सेन्सर. असे चाळीस रोबो या दालनात फिरतात आणि कुठे किती उष्ण आहे ते एकमेकांना रेडिओवरून कळवतात. महागडे चाळीस आम्हाला कोण घेऊन देणार?

स्वस्त मोटरींची खोड अशी, की कुठल्याही दोन सारख्या फिरत नाहीत. मग रोबो एका अंगाला ओढतो आणि आपण कुठे आहोत तेच विसरतो. आमचा दावा होता, की आमच्या प्रोग्रॅममुळे तो शेजाऱ्यांना विचारून वाट सुधारतो. रोबो खरोखरच सरळ चालले. आम्ही शोधनिबंध छापला, शेवटी मिस्तरींचे नावानिशी आभारही मानले.

सहा महिन्यांनी दुसऱ्या एका संस्थेचं पत्र आलं. आमच्याच आराखड्यावरून बनवलेले त्यांचे रोबो गोल गोल फिरत होते. आम्ही तीन आठवडे प्रोग्रॅमची ओळन् ओळ तपासली. एकदा चहा पिता पिता मिस्तरींनी सहज विचारलं, "त्यांच्याकडे मोटरींच्या जोड्या कोण लावतं?"

तेव्हा कळलं. खोक्यातली प्रत्येक मोटर ते कानाशी धरून चालवत आणि सारख्या आवाजाच्या दोन एका रोबोला बसवत. म्हणजे श्रेय बरंचसं त्या कानाचं होतं, आमच्या प्रोग्रॅमचं नव्हे. आम्हाला सांगितलं का नाही? "तुम्ही कुठे विचारलंत? आणि वाकडं चालणारं काम हातून द्यायचं कसं?"

त्यावर मी जे बोलले ते जुन्या मंडळींना आठवत असेल. याच दालनात, सगळ्यांदेखत. "तुमच्या लुडबुडीमुळे आमची तीन वर्षं पाण्यात गेली."

निबंध मागे घेतला. मोटरी न ऐकता बसवा, असं मिस्तरींना सांगितलं. त्यांनी कानांत कापूस घातला आणि चाळीसच्या चाळीस रोबो पुन्हा जोडले. काम करताना ते गुणगुणत असत, ते थांबलं. वहिनी सांगतात, महिनाभर घरात रेडिओ लागला नाही. आमचा प्रोग्रॅम अर्थातच पडला. तो नव्याने लिहायला दीड वर्ष गेलं, पण आता वाकडे रोबोही वाट सुधारतात. त्यावर दुसरा निबंध छापला. त्यात मिस्तरींचं नाव नव्हतं. मी खोडलं होतं. त्यामुळे आज ते नाव छापील आहे ते फक्त आम्ही मागे घेतलेल्या निबंधात.

लुडबूड? त्यांची खोली माझ्या शेजारी. मोटर कानाशी धरलेले मिस्तरी मी तीन वर्षं जाता-येता पाहिले. मला वाटे, चालते की नाही एवढंच बघतायत. आत जाऊन एकदा विचारलं असतं तर?

मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे नियम होता: ज्यांच्यासमोर एखाद्याला बोललात, त्यांच्यासमोरच उभं राहून ते परत घ्यायचं. मला उभं राहायला नऊ वर्षं लागली. संपादकांना काल दुरुस्तीचं पत्र पाठवलं आहे, दुसऱ्या निबंधात मिस्तरींचं नाव घालावं म्हणून. काय ठरवतात ते त्यांच्याकडे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सर्वांनी सांभाळून घ्यावं. मिस्तरी, तुमच्यापुरतं मात्र 'असेल तर' नाही. चुकलंच होतं, आणि माझं.

चला, खुर्च्या परत देऊ या.