परत केलेला वाडगा

आजच्या सभेच्या अध्यक्षा, निवृत्त न्यायाधीश माननीय सुपात्राबाई. समोर विराजमान पूज्य भिक्षुवर्य. दिवंगत वकील प्रानोमबाईंचे बंधू. आणि ज्यांचे खटले अर्धवट टाकून बाई निघून गेल्या, अशा सर्व अशील बंधुभगिनींनो,

बाईंना जाऊन आज शंभर दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं अध्यक्षांनी मघाशी सुचवलं. प्रयत्न करते. बाई उद्धट होत्या आणि अशिलासमोर घोरत असत.

आठ वर्षांपूर्वी इथल्याच, लाम्पांगच्या तालुका कचेरीत माझा घटस्फोट नोंदवला गेला. साक्षीदार म्हणून माझ्या शाळेचे मुख्याध्यापक, शेजारी सासूबाई. कारकुनानं विचारलं, "मुलगी कोणाकडे?" एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर 'माझ्याकडे' म्हणणं आपल्या थाई रीतीत बरं दिसलं असतं का? मी म्हटलं, "तुम्ही सगळे ठरवाल तसं." सासूबाईंनी ठरवलं. चार वर्षांची फाई कागदावर बापाची झाली, आणि मी कारकुनाचे आभार मानून घरी आले. हसताय, पण तुमच्यापैकी कितीजणांनी वेगळं केलं असतं?

मग वकील शोधणं आलं. पहिल्याचा चौकातला फोटो बसएवढा मोठा. तो म्हणाला, "सही केलीत ना? मग आता रडून काय उपयोग?" दुसऱ्यानं अर्धा तास माझ्या सासरच्यांचं कौतुक केलं. मी दोघांचेही आभार मानले.

तिसऱ्या प्रानोमबाई. नूडलच्या दुकानामागे त्यांचं ऑफिस.

"मुलगी हवी?"

"मिळाली तर बरं होईल."

"ऊठ. आधी पुढे जाऊन खाऊन ये."

मी बिनमिरचीच्या नूडल मागवल्या, आल्या लालभडक. डोळ्यांत पाणी आलं तरी मुकाट्यानं संपवल्या. बाई दारातून बघत होत्या.

"वाडगा परत करवत नाही, बये, आणि पोरगी परत मागणार? ज्या दिवशी परत करशील, त्या दिवशी वकीलपत्र घेईन."

नऊ दिवस मी तिखट गिळलं. दुकानदार लामयाईताईंना बाईंनीच पढवलं होतं, हे मागाहून कळलं. दहाव्या दिवशी वाडगा उचलला आणि लामयाईताईंसमोर नेऊन ठेवला. "ताई, हे मी मागवलं नव्हतं. बदलून द्या." आतून आवाज आला, "ये, सही कर."

कोर्टात पुन्हा तोच प्रश्न आला, आणि समोर त्याच सासूबाई होत्या. मी म्हटलं, "माझ्याकडे. मला माझी मुलगी हवी." निकालाला दीड वर्ष लागलं. फाई आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. ती मात्र माझा डबासुद्धा बिनदिक्कत परत करते.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात बाई म्हणाल्या, "जाऊ ना गं आता?" आपल्या रीतीप्रमाणे मी म्हणायला हवं होतं, 'तुम्ही ठरवाल तसं.' मी म्हटलं, "नाही. जायचं नाही."

बाईंनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "छान बोललीस. पण हा वाडगा परत होत नाही."

लामयाईताईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर क्षमा असावी. आणि क्षमा करवत नसेल, तर मुकाट्यानं गिळू नका. इथेच, तोंडावर सांगा. मी थांबले आहे.