वेचणीच्या दिवसांतली हजेरी

शालिग्राम : 'गळती'च्या खणात तर काही दिसत नाही, हिलाल गुरुजी. या कॉलेजच्या ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक लेखाचं कार्ड मी स्वतः केलंय, पण लावताना चुकलोही असेन. 'गैरहजेरी'चा खण काढून द्या. जरा उचलून ओढा, अडकतो तो.

हिलाल : लवकर बघा, नाना. शिक्षणाधिकारी साहेब चारला ऑफिसातून उठतात.

शालिग्राम : नेमकं काय म्हणाले साहेब?

हिलाल : पटावर अकराच पोरं उरलीत, शाळा बंद करून खालच्या गावात जोडतो म्हणे. खालचं गाव सहा मैल शे. सहा वर्षांचं पोर कोण धाडेल? मी म्हटलं, पोरं कापूस वेचायला जातात, पंधरा दिवस दिसली नाहीत की नाव कमी होतं. दिवाळीची सुटी पुढे सरकवून वेचणीत द्या, बठ्ठी, सगळीच्या सगळी परत येतील. तर म्हणे, मास्तरच्या तोंडी सांगण्यावर सुट्या बदलत नाहीत. कुणी संशोधन केलेलं आणा, छापील.

शालिग्राम : हे पुण्याच्या शाळांचं. हे आजारपणाचं. आणि हे... 'डोंगराळ भागातील हंगामी हजेरी. शिरपूर तालुका, १९६४.'

हिलाल : आपलाच तालुका? द्या लवकर.

(शालिग्राम बांधीव अंक काढून आणतो. बराच वेळ मनात वाचत राहतो.)

हिलाल : मोठ्यानं वाचा ना.

शालिग्राम : 'वेचणीच्या दिवसांत हजेरीत घट आढळत नाही. सरासरी चौऱ्याण्णव टक्के.'

हिलाल : साफ खोटं. कोणी मोजलं?

शालिग्राम : नऊ शाळांकडून पत्रकं भरून मागवली होती. खाली गावांची नावं आहेत. गुरुजी, पाचवं नाव तुमच्या गावाचं आहे.

(हिलाल अंक स्वतःकडे ओढून त्या नावावर बोट ठेवतो.)

शालिग्राम : बसा जरा. पाणी देऊ?

हिलाल : पत्रक मीच भरलं, नाना. हेडमास्तर धनसिंग आप्पा म्हणाले, खरं लिहिलंस तर दुसऱ्या मास्तरची जागा जाईल. दुसरा मास्तर मीच होतो. सव्वीस पोरांतली चार बसायची. हजेरीत रोज चोवीस-पंचवीस मांडायचो, तेच उतरवून दिलं.

शालिग्राम : बाकीच्या आठांनीही तेच केलं असणार.

हिलाल : असेल.

शालिग्राम : मी... हे कार्ड बाजूला ठेवू शकतो. सतरा वर्षांत कधी केलं नाही तसं. साहेबांचा माणूस आला तरी त्याला सापडणार नाही.

हिलाल : मग साहेबांना दाखवू काय? काहीच नाही म्हणून शाळा बंद होईल.

शालिग्राम : आणि खरं सांगितलंत तर तुमची नोकरी?

हिलाल : पत्रकावर सही माझी शे, ते खोटं भरलं हे साहेबांना मीच सांगतो. साडेतीन झाले, निघतो.

शालिग्राम : अंक बाहेर द्यायचा नियम नाही, पण न्या. संध्याकाळी आणून द्या.

हिलाल : राहू द्या, नाना. ते आकडे मला पाठ आहेत.