मनगटाचा दोरा

‘अठरा वर्षांवरील अपत्यांनी पालकांच्या खोलीत राहणे कायद्याने निषिद्ध आहे,’ असे नागपुरातल्या त्या हॉटेलचा फलक सांगत होता. कोणत्या कायद्याने, हे मात्र त्यावर नव्हते. अठराव्या वाढदिवशी आई परकी कशी होते, याचाही खुलासा नव्हता. खोलीच्या किल्लीसाठी थांबलेल्या प्राध्यापक वासंती देवतळे तो पुन्हा वाचत होत्या. काउंटरवर उमरेडच्या विणकर मायलेकी मॅनेजरशी बोलत होत्या.

“काकू, पोरगी मोठी हाय. दुसरी रूम घ्या लागन.”

“तिले मिरगी येते गा. एकटी कशी निजन?”

“रूममधी बेल हाय ना.”

“झटका आल्यावर बेल कोन दाबन? हा दोरा पाह्य. एक टोक तिच्या मनगटाले, दुसरं माह्या अंगठ्याले. हालला का मले जाग येते.”

“रोज?”

“लहानपनापासून. मागावर धागा तुटला तं हाताले कळते, हे तं पोरगी हाय.”

“मी नुसती कूस बदलली तरी विचारते, काहून वं काजल?”

वासंतीबाईंची नजर त्या अंगठ्यावरच्या बारीक वळावर खिळली. मग त्या हलकेच म्हणाल्या, “कायद्याचं कलम दाखवता?”

मॅनेजरही त्या अंगठ्याकडेच पाहत होता.

“कायदा-बियदा काई नाई, मॅडम. सारे एकाच रूममधी राहिले तं बाकीच्या रूमा रिकाम्या राहतेत, म्हनून बोर्ड मीच लावला.”