आगीचा फोन

ऑरेगनमधल्या त्या गव्हाच्या गावी, पोस्टाच्या रांगेत मार्लीनच्या पुढे दोघं होते: म्हाताऱ्या व्हर्नाकाकू आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा अध्यक्ष डेल्बर्ट.

डेल्बर्ट म्हणाला, "काकू, शनिवारी दलाच्या पन्नाशीचं जेवण आहे. तुमचा सफरचंदाचा केक हवाच."

"केकसाठी बरी माझी आठवण आली."

"असं काय बोलता? दुधाच्या जुन्या टँकरात पाणी भरून सुरुवात केली आपण, आता तीन ठाणी झाली. भिंतीवर सगळ्यांच्या नावांची पाटी लावलीय."

"पाहिली. माझ्या नवऱ्याचं नाव आहे. माझं कुठाय?"

"आगीवर गेलेल्यांचीच नावं घेतलीत."

"आणि त्यांना पाठवत कोण होतं? आगीचा फोन वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात होता. माणसं जमवायला भोंग्याचं बटण मी दाबायचे. त्या फोनपायी आईच्या मयतालासुद्धा गेले नाही मी."

"उगाच मनाला लावून घेताय."

"तुझा गोठा पेटला तेव्हा फोनवर काय ओरडलास, आठवतं?"

"इतक्या वर्षांनी कसं आठवेल, काकू?"

"'व्हर्नाकाकू, माणसं पाठवा' म्हणालास. तेव्हा बरं माझं नाव तोंडात आलं तुझ्या."